नवा मोबाईल सुरू करण्याआधी

सगळ्यात आधी दिवस ठरवा. सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) केंद्रावर कापूस न्यायचा स्लॉट मिळालाय, पीएम किसानचं ई-केवायसी राहिलंय, पोरीच्या प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आलीय, अशा आठवड्यात सीमला हात लावू नका. बँक, गॅस, पीकविमा, शेतकऱ्याची नोंदणी, सगळ्यांचे ओटीपी आता घरातल्या एकाच नंबरवर येतात. 2025च्या हंगामापासून तर सीसीआयला कापूस द्यायचा म्हटलं तरी कपास किसान अ‍ॅपवर मोबाईल नंबर लागतो. तो नंबर एक दिवस बंद पडला तर नेमका त्याच दिवशी ओटीपी हवा असतो.

इथे एक फरक नीट समजून घ्या. आहे तेच सीम जुन्या मोबाईलमधून काढून नव्यात टाकायचं असेल तर कंपनीकडे जायची गरज नाही, नंबर लगेच चालू होतो. पण सीमच बदलून घ्यायचं असेल, म्हणजे जुनं खराब झालं, हरवलं किंवा 2जी-3जीच्या काळातलं आहे, तर नवं सीम चालू झाल्यावर 24 तास त्यावरून एसएमएस जात नाही आणि येतही नाही. फोन लागतो, नेट चालतं, ओटीपी मात्र येत नाही. कुणी फसवून तुमच्या नंबरचं सीम काढलं तर त्याला लगेच तुमच्या बँकखात्यात शिरता येऊ नये, म्हणून दूरसंचार विभागाने ही अट घातली. अट चांगली आहे. पण माहीत नसली की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तालुक्याला धावतो आणि भाड्याचे पैसे फुकट जातात.

कंपनीही बदलायची असेल तर त्याच नंबरवरून 1900 ला एसएमएस करावा लागतो. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, जागा सोडायची, पुढे आपला दहा आकडी नंबर. उलट आलेला आठ अक्षरांचा कोड नव्या कंपनीला द्यायचा, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. आताच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात, आणि नुकतंच सीम बदललं असेल तर 1 जुलै 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे पहिले सात दिवस हा कोड मिळत नाही. म्हणून सीम बदलायचं आणि कंपनीही बदलायची, अशी दोन्ही कामं एकाच आठवड्यात काढू नका.

कोणती कंपनी घ्यायची हे दुकानातल्या जाहिरातीवरून ठरवू नका, वावरात जाऊन ठरवा. गावात चौकात चार दांड्या दिसतात आणि नाल्यापलीकडे रेंज शून्य होते, हे आपल्याकडे रोजचंच. शेजाऱ्याचा मोबाईल घेऊन विहिरीजवळ उभं राहा, घरी फोन लावून बघा, मग ठरवा. मेळघाटात, जिवतीच्या डोंगरात, भामरागडकडे तर एकाच कंपनीचा टॉवर असेल, तिथे निवडायला काही उरतच नाही. बीएसएनएलची 4जी सेवा 27 सप्टेंबर 2025 ला देशभर सुरू झाली, तुमच्या भागात त्यांचा टॉवर असेल तर तीही तपासा. ती 700 आणि 2100 मेगाहर्ट्झवर चालते, आणि कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात. त्यामुळे मोबाईल घेताना दुकानदाराला विचारा की यात बँड 28, म्हणजे 700 मेगाहर्ट्झ, आहे का. जिओचं सीम जुन्या 2जी कीपॅडच्या मोबाईलमध्ये चालत नाही. नवा मोबाईल उद्या पाण्यात पडला तर सीम कशात टाकणार, याचाही विचार आजच करा.

आता कागद. मूळ आधार कार्ड न्या आणि सीम ज्याच्या नावावर आहे तो माणूस सोबत न्या. इथेच बहुतेक घरं अडकतात. बाबांच्या मोबाईलमधलं सीम काकांच्या नावावर, आईचं सीम माहेरच्या भावाच्या नावावर, एखादं तर वारलेल्या आजोबांच्या नावावर चालू असतं. जोवर सीम चालतंय तोवर काहीच कळत नाही. ते हरवलं की दुसरं सीम फक्त ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं, आणि मग बँकेचा नंबर, आधारचा नंबर सगळं अडकतं. नवा मोबाईल घ्यायचं निमित्त झालंच आहे तर कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर आपल्या नावावर करून घ्या. आपल्या नावावर किती सीम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून दिसतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ चालतात. ओळखीचा नसलेला नंबर यादीत दिसला तर तिथेच तक्रार करता येते. ही यादी प्रत्येकाने एकदा तरी पाहावी असं मला कळकळीनं वाटतं.

अंगठा देताना लक्ष ठेवा. "काकू, अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा द्या," असं म्हणून दुसऱ्यांदा घेतलेल्या अंगठ्यावर आणखी एक सीम काढून ते ठगांना विकल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. पुन्हा मागितला तर आधी स्क्रीन दाखवा म्हणा, पहिली नोंद खरंच नापास झाली का ते बघा. बाजाराच्या दिवशी छत्रीखाली टेबल टाकून फुकट सीम देणाऱ्याकडून घेऊच नका.

दुकानात मोबाईल हातात आला की डायलवर *#06# दाबा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, दिसतो, दोन सीमच्या मोबाईलला दोन दिसतात. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्यांशी एकेक आकडा जुळवा. बिल पक्कंच घ्या. जुना मोबाईल विकत घेत असाल तर इंग्रजीत केवायएम, जागा, मग तो आयएमईआय असा एसएमएस 14422 ला करा. काळ्या यादीतला किंवा नकली आकडा निघाला तर कितीही स्वस्त असला तरी परत द्या. आधीच्या मालकाचं गूगल खातं त्याच्याकडून समोरच काढून घ्या. ते राहिलं आणि मोबाईल रिसेट झाला तर त्याच्या पासवर्डशिवाय मोबाईल उघडणार नाही.

आदल्या रात्री घरी बसून जुन्या मोबाईलमधले नंबर गूगल खात्यात घ्या. काही नंबर सीममध्ये, काही मोबाईलमध्ये सेव्ह असतात, दोन्ही बघा. गूगलचा पासवर्ड आठवतो का ते जुना मोबाईल चालू असतानाच तपासा, तो विसरलेला असतोच. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. दिवसाचा नेटचा कोटा शिल्लक ठेवा, कारण नवा मोबाईल सुरू होताच मोठी अपडेट मागतो. ती रात्री घ्या. मे महिन्यात भरदुपारी चार्जिंगला लावून अपडेट केली तर मोबाईल तापून मध्येच बंद पडतो, आणि लाईन गेली तर अर्ध्यात अडकतो.

सीम टाकताना मोबाईल बंद ठेवा. खोक्यातली पिन बाजूच्या बारीक छिद्रात सरळ दाबली की ट्रे बाहेर येतो. शेजारी माईकचंही छिद्र असतं, त्यात पिन खुपसू नका. सीमचा कापलेला कोपरा ट्रेच्या कोपऱ्याशी जुळला पाहिजे. काही मोबाईलमध्ये दुसरं सीम किंवा मेमरी कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं, हे घेण्याआधी विचारा. चालू झाल्यावर पहिलं काम म्हणजे घरच्या कुणाला फोन लावणं आणि त्यांच्याकडून फोन व एसएमएस मागवणं. फोन लागत नसेल तर सेटिंगमध्ये व्हीओएलटीई, म्हणजे 4जीवरून बोलायची सोय, चालू आहे का बघा. रेंज असून नेट नसेल तर एपीएन, म्हणजे सेटिंगमधलं कंपनीच्या नेटचं नाव, तपासा. जिओला जिओनेट आणि बीएसएनएलला बीएसएनएलनेट असं इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं. सिरोंचा, धारणी, सालेकसा अशा सीमेवरच्या गावांत मोबाईल पलीकडच्या राज्याचा टॉवर धरतो, तिथे डेटा रोमिंग चालू ठेवल्याशिवाय नेट मिळत नाही. तरीही जमलं नाही तर त्याच कंपनीच्या सीमवरून 198 ला तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

यूपीआय सगळ्यात शेवटी. अ‍ॅप तुमच्या सीमवरून स्वतः एक एसएमएस पाठवतं, म्हणून रिचार्जमध्ये एसएमएस असावा आणि बँकेशी जोडलेलंच सीम निवडावं. नव्या मोबाईलवर पहिले 24 तास साधारण 5000 रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. खतबियाणं घ्यायचा दिवस असेल तर रोख सोबत ठेवा.

अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप लागेलच, त्यासाठी वावरात लोकेशन चालू ठेवावं लागतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप मात्र आवर्जून टाका. तुमच्या 20 ते 40 किलोमीटरच्या परिसरात वीज पडायची शक्यता असली की ते आधी सूचना देतं, आणि पेरणीच्या दिवसांत उघड्या वावरात असलेल्याला तेवढा वेळ लाखमोलाचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा लाभार्थी यादीच्या नावाने आलेली एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप, उघडू नका. उघडली गेली आणि पैसे गेले तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

जुना मोबाईल आठवडाभर तसाच चार्ज करून ठेवा. नव्यात बँक, व्हॉट्सअ‍ॅप, नंबर, फोटो सगळं आलं याची खात्री झाली की जुन्यातलं यूपीआय बंद करा, गूगल खातं काढा, मगच रिसेट करून आजीला द्या किंवा विका.