वेल्समधले दगडी घर घेण्यापूर्वी : पाण्यापासून सुरू होणारी तयारी

वेल्सच्या ग्रामीण भागातले जुने दगडी घर विकत घ्यायचे मनात आले, की पहिली तयारी पाण्याची करावी आणि पैशांची त्यानंतर, असे माझे ठाम मत आहे. अशा घरांत पुढे ज्या अडचणी निघतात त्यांतल्या बहुतेक पाण्यापाशी येऊन थांबतात : ते भिंतीत कुठून शिरते, छपरावरून कुठे उतरते, नळाला कोठून येते आणि सांडपाणी होऊन कोणाच्या जमिनीत जाते. या चार प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नयेत.

जाहिरातीतले फोटो पाहून झाले, की आधी घराचे नाव वाचावे. वेल्श घरांची नावे जागेचे वर्णन करतात. नावात ‘नान्त’ असेल तर जवळून ओहोळ वाहतो, ‘फन्नॉन’ असेल तर झरा किंवा विहीर आहे आणि ‘गोर्स’ असेल तर दलदल. ‘हाव्होद’ म्हणजे गुरे घेऊन उन्हाळ्यात राहायची डोंगरावरची वस्ती आणि ‘हेन्द्रे’ म्हणजे खालचे, हिवाळ्यातले मूळ घर. त्यामुळे ‘हाव्होद’ नावाच्या घरी जानेवारीत वारा किती असेल याचा अंदाज नावावरूनच बांधता येतो. त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे बनवणाऱ्या संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा पाहावा. त्यात झरे, ओढे आणि सार्वजनिक पायवाटा दाखवलेल्या असतात. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८४०च्या सुमाराचे टाइद नकाशे (चर्चला द्यायच्या जमीनकरासाठी काढलेले) संकेतस्थळावर मोफत खुले केले आहेत. त्यांत घर सापडले तर त्याच्या वयाचा पुरावा मिळतो, शिवाय आजूबाजूच्या शेतांची जुनी नावेही कळतात. पुराचा धोका नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड घालून तपासता येतो.

घर पाहायला जायचे ते पावसात. इस्टेट एजंट उन्हाचा दिवस सुचवतील, पण आपण अंदाज पाहून ओला दिवस मागून घ्यावा आणि आधी बाहेरूनच दोन फेऱ्या माराव्यात. या भिंती साधारण दोन फूट जाडीच्या असतात : दोन्ही दर्शनी बाजूंना दगड, मधे लहान दगडांची आणि मातीची भर, आणि हे सारे बांधणारा चुना किंवा मातीचा गारा. अशी भिंत पाऊस थोडा पिते आणि वाऱ्याबरोबर तो परत सोडते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत बैलांच्या घाणीत मळलेल्या चुन्याने जे काम केले तेच इथल्या चुन्यानेही केले आहे, म्हणून मराठी माणसाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. विसाव्या शतकात अनेक घरांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या गेल्या आणि काहींवर सिमेंटचा गिलावा चढला. तिथून पाणी आत येते, पण बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून दर्जांकडे अगदी जवळून पाहावे. चुना असेल तर तो पांढरट, किंचित भुसभुशीत असतो आणि नखाने थोडा खरवडता येतो. सिमेंट करडे, कडक असते आणि त्याच्या कडेने दगडाचे पोपडे निघालेले दिसतात.

आत गेल्यावर रंगाच्या ताजेपणावर जाऊ नये. आम्ही पाहिलेल्या एका घरात बैठकीची भिंत नव्या बोर्डाने झाकलेली होती, खोली उबदार वाटत होती आणि आम्ही जवळजवळ भुललो होतो. निघताना जिन्याखालच्या कपाटात हात घातला, तेव्हा तिथली मूळ भिंत गार आणि चिकट लागली, बोटांना मिठासारखी पांढरी भुकटी आली आणि कोपऱ्यातल्या बुटांच्या जोडीवर हिरवी बुरशी दिसली. तेव्हापासून प्रत्येक घरात मी आधी कपाटे उघडतो. जमिनीची पातळी बाहेरून आतल्या फरशीपेक्षा वर चढलेली आहे का, हेही पाहावे. अनेक घरांची ओल केवळ भिंतीलगतची माती खणून काढल्याने आणि पन्हळी दुरुस्त केल्याने कमी होते.

छपरासाठी टॉर्च सोबत असावा. वेल्श स्लेट (छपरावरची पातळ दगडी फरशी) शंभर वर्षांहून अधिक काळ सहज टिकते. आधी गंजतात ते तिला धरणारे खिळे. म्हणून घसरलेल्या दोन-चार स्लेट दिसल्या तर एकेक दुरुस्तीचा हिशेब न धरता सगळे छप्पर उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च विचारून ठेवावा. जुन्या स्लेट बहुतांशी पुन्हा वापरता येतात. स्लेट बोटाने ठोकून पाहावी : चांगली असेल तर खणखणीत वाजते, खराब झालेली बद्द आवाज देते. या दगडाच्या खाणींचा वायव्य वेल्समधला प्रदेश २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. स्वस्त म्हणून आयात केलेली स्लेट अशा छपरावर चढवू नये, असे मला मनापासून वाटते.

धुराड्याची सफाई शेवटी कधी झाली हे विचारावे, शेगडी बसवल्याचे प्रमाणपत्र मागावे आणि मोठ्या चुलाण्यावरच्या ओक लाकडाच्या तुळईची भिंतीत शिरणारी टोके कुजलेली नाहीत ना, ते पाहावे.

आता नळाचे पाणी. गावापासून दूरच्या कित्येक घरांना सरकारी जलवाहिनी नसते. पाणी झऱ्यातून किंवा विंधनविहिरीतून येते. झरा कोणाच्या जमिनीत आहे, तिथून नळ आणण्याचा आणि दुरुस्तीसाठी तिथे जाण्याचा हक्क दस्तऐवजात लिहिलेला आहे का, उन्हाळ्याच्या शेवटी तो आटतो का आणि पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे प्रश्न लेखी विचारावेत. शेजारच्या शेतकऱ्याशी समक्ष बोलावे. झऱ्याविषयी त्याला सर्वांत जास्त ठाऊक असते, आणि ‘बोरे दा’ (सुप्रभात) म्हणून सुरुवात केली तर बोलणे सोपे जाते. सांडपाण्यासाठी सेप्टिक टँक असेल तर त्याची नोंद नॅचरल रिसोर्सेस वेल्सकडे झालेली हवी. टाकीतले पाणी थेट ओढ्यात सोडता येत नाही, आणि शोषखड्डा शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर त्याचाही हक्क कागदावर हवा.

कागदपत्रांत पहिला प्रश्न वारसा-नोंदीचा. वेल्समध्ये सुमारे ३०,००० इमारती अशा यादीत आहेत आणि ती यादी काडू ही संस्था सांभाळते. वेल्श भाषेत ‘काडू’ म्हणजे जपणे. घर यादीत असेल तर खिडकी बदलण्यासारख्या कामालाही परवानगी लागू शकते आणि विनापरवानगी केलेले काम हा फौजदारी गुन्हा ठरतो, म्हणून आधीच्या मालकाने केलेल्या कामांच्या परवानग्या मागून घ्याव्यात. छपरात वटवाघळे असतील तर त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. त्यांची पाहणी प्रामुख्याने उन्हाळ्यातच होते, त्यामुळे छपराच्या कामाचे वेळापत्रक त्यावर ठरते. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या जुन्या खाणींचा शोध-अहवाल सॉलिसिटरकडून घ्यावा. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची तपासणी तीन महिने चालते, म्हणून ती कोणी केली आहे का, हे लवकर विचारावे.

कराची बाब मराठी कुटुंबांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. एप्रिल २०१८ पासून वेल्समध्ये स्टॅम्प ड्यूटी नाही, तिच्या जागी लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स आहे. एकमेव घर असेल तर २,२५,००० पौंडांपर्यंत तो शून्य आहे. परंतु आपल्या नावावर जगात कुठेही दुसरे घर असेल आणि त्यातला आपला हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल, तर वाढीव दर लागू होऊ शकतात. पुण्यातला फ्लॅट किंवा गावाकडच्या घरातला हिस्सा ‘इथे त्याचा काय संबंध’ म्हणून सांगायचा राहून जातो. तो पहिल्याच भेटीत सॉलिसिटरला सांगावा. घर केवळ सुट्टीसाठी घेत असाल तर त्या भागातली कौन्सिल दुय्यम घरांवर किती जादा कर घेते, तेही पाहावे; कायद्याने ही वाढ मूळ कराच्या ३०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

इमारतीचा सर्व्हे सर्वांत सविस्तर प्रकारचा, म्हणजे लेव्हल तीनचा करावा, आणि नेमण्यापूर्वी सर्व्हेअरला एकच विचारावे : चुन्याच्या भिंतींचा आपल्याला अनुभव आहे का? ओलीवर रसायन टोचण्याचा उपाय जो पाहताक्षणी सांगतो, त्याला नेमू नये. शक्य असेल तर एक दिवस काढून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात जावे. तिथे वायव्य वेल्समधल्या रॉसत्रिव्हान गावाहून आणून पुन्हा उभारलेले लाइनव्हादिन हे १७६२ सालचे घर आहे. डोंगरातल्या अवजड धोंड्यांच्या भिंती, आत एकच खोली आणि एका टोकाला झोपण्यापुरता पोटमाळा, ज्याला ‘क्रॉगलॉफ्ट’ म्हणतात. तिथे उभे राहिले की आपण घेत असलेल्या घरात नंतर काय जोडले गेले, ते ओळखू येते.

किल्ली हाती आल्यावर पहिल्या हिवाळ्यात पन्हळी साफ करणे, खिडक्या अधूनमधून उघडणे आणि ओलीच्या जागा तारखेसह लिहून ठेवणे एवढेच करावे. थंडीत चुना धरत नाही. पारा ५ अंशांखाली जाण्याची भीती असेल तेव्हा दर्जा भरायला घेऊ नयेत. सिमेंट काढून चुना भरायचे काम एप्रिलनंतर, गोठवणारी थंडी सरल्यावर सुरू करावे आणि भरलेल्या दर्जा काही दिवस ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवाव्यात.