पिट्सबर्ग ते कंबरलँड: सपाट वाटेची तयारी

ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, म्हणजे सायकलवाल्यांच्या बोलीत ‘गॅप’, ही पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंतची १५० मैलांची, सुमारे २४० किलोमीटरची वाट. तिच्यावर मोटारी नाहीत आणि शुल्कही नाही. पिट्सबर्गकडचा बराच भाग पिट्सबर्ग अँड लेक ईरी रेल्वेच्या जुन्या मार्गावर आहे आणि कॉनेल्सव्हिलच्या पुढचा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या. हा दुसरा मार्ग १९१२ साली सुरू झाला आणि १९७५ मध्ये बंद पडला. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये सायकलींसाठी खुला झाला, पिट्सबर्गपर्यंतची सलग वाट पूर्ण व्हायला २०१३ उजाडलं. मधला मोठा पल्ला यॉकागेनी नदीच्या काठाने जातो. स्पेलिंग बघून घाबरू नका, स्थानिक लोक नुसतं ‘यॉक’ म्हणतात.

तयारीला लागण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. मालगाड्यांसाठी आखलेल्या मार्गाला मोठा चढ परवडत नाही. इथला सर्वांत कडक चढ १.७५ टक्के, म्हणजे ५७ला १. आपल्या बोरघाटात गाडी ३७ला १ चढते, त्यावरून अंदाज घ्या. पण चढ नाही तिथे उतारही नाही, आणि उतार नाही तर पॅडल थांबत नाही. घाटात चढताना उभं राहून पॅडल मारलं जातं, उतरताना पाय आणि पार्श्वभाग दोन्ही सुटतात. इथे चार-चार तास त्याच बैठकीत, त्याच गतीने पाय फिरत राहतात. त्यामुळे माणसं दमाने अडत नाहीत. सीटच्या घर्षणाने, बधिर झालेल्या बोटांनी आणि आखडलेल्या मानेने अडतात. सिंहगड चढून सराव केलेल्याचे पाय इथे सहज पुरतात, बैठक पुरेलच असं नाही.

म्हणून सराव सपाटीवर करा. निघण्यापूर्वीच्या दीड महिन्यात किमान दोनदा, लागोपाठच्या दोन दिवशी ५०–६० किलोमीटर चालवा, आणि तेही जे सामान नेणार तेच लादून. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना तोंड वाकडं झालं, तर सीटची उंची आणि कल तेव्हाच बदला. सीटचं नाक किंचित वर असेल तर पुढे दुखतं, फार खाली असेल तर सगळा भार तळहातांवर येऊन करंगळी बधिर होते. नवी सीट, नवे बूट, नवी पॅडवाली चड्डी यातलं काहीही प्रवासाच्या पहिल्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही. पॅडवाल्या चड्ड्या दोन लागतात. एक अंगात, दुसरी रात्री धुऊन वाळत. तिच्या आत वेगळी चड्डी घालू नका, शिवण घासते. घर्षण टाळणारी क्रीम पहिल्या दिवसापासून लावा, कातडी सोलवटल्यावर तिचा उपयोग नाही.

भारतातून येणार असाल तर सायकल विमानात कोंबण्यापेक्षा इथे भाड्याने घेणं सोपं, मात्र आपली सीट आणि पॅडल बरोबर आणा. दोन्ही मिळून एक-दीड किलोच्या आत बसतात आणि दुकानात दहा मिनिटांत लावून मिळतात.

सायकल कोणतीही चालेल, टायर मात्र बघून घ्या. वाटेचा बहुतांश भाग दाबून बसवलेल्या बारीक चुनखडीचा आहे. कोरडी असते तेव्हा ती जवळपास डांबरासारखी लागते, भिजली की वरचा थर मऊ होतो आणि अरुंद टायर त्यात रुततो. २३–२५ मिलिमीटरचे टायर घरी ठेवा. ३२ ही खालची मर्यादा, सामानासह ३८–४२ उत्तम. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये वजनानुसार ४५ ते ५५ पीएसआय हवा पुरते. त्याहून जास्त भरली तर सायकल वेगवान होत नाही, नुसती हादरते. हे बारीक, न संपणारं हादरणं कॅरिअरचे स्क्रू ढिले करतं. निघण्यापूर्वी प्रत्येक स्क्रूवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा थेंब टाका, रोज सकाळी ॲलन की फिरवून बघा, आणि त्या मापाचे चार जादा स्क्रू जवळ ठेवा.

चुनखडीची भुकटी ही चेनची शत्रू. ओलं, दाट तेल लावलं की ती त्यावर चिकटून पॉलिशपेपरसारखी घासत राहते. कोरडं, मेणयुक्त वंगण वापरा. संध्याकाळी चेन फडक्याने पुसा, थोडं वंगण लावा, दहा मिनिटांनी पुन्हा पुसा. पावसात याच भुकटीचा पांढरा चिखल होऊन रिमब्रेकचे पॅड झपाट्याने झिजवतो, म्हणून पॅड अर्धे झाले असतील तर निघण्यापूर्वीच बदला. मडगार्ड हवेतच, नाहीतर पाठीवर पांढरा पट्टा आणि तोंडात खडू.

हत्यारांच्या पिशवीत दोन ट्यूब, पंक्चर किट, तीन टायर लिव्हर, पंप, चेन तोडायची सोय असलेलं मल्टिटूल, आपल्या चेनच्या स्पीडशी जुळणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ब्रेक पॅडची एक जोडी, झिपटाय आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो तो तुकडा, प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानात तुमचाच मिळेल याची खात्री नसते. तो लहानसा तुकडा आवर्जून घ्या.

आता वेळ. डिव्हाइडच्या, म्हणजे वाटेवरच्या सर्वांत उंच जलविभाजकाच्या, दक्षिणेला बिग सॅव्हेज बोगदा आहे, लांबी ३,२९४ फूट, म्हणजे किलोमीटरभर. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, तो दारं लावून बंद ठेवतात. बाहेरून वळसा घ्यायचा तर डोंगरातल्या खऱ्या रस्त्यावरचे खरे चढ पुढे येतात, त्यामुळे तो विचार सोडा. उघडण्याची तारीख दरवर्षी थोडी मागेपुढे होते, दुरुस्तीही निघते. तिकिटं काढण्याआधी ती तपासा. मे मध्य ते जून मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर मध्य हे उत्तम दिवस. पानांच्या रंगांसाठी ऑक्टोबर हवा असेल तर खोल्या काही महिने आधी धरा, कारण मधली गावं अगदी लहान आहेत.

दिशा कोणती? कंबरलँडहून निघालात तर पहिल्या ३८ किलोमीटरमध्ये सुमारे ५४० मीटर चढायचं, तेही ताज्या पायांनी, आणि पुढे सगळं हलक्या उताराचं. पिट्सबर्गहून निघालात तर जवळजवळ दोनशे किलोमीटर इतका मंद चढ की तो चढ आहे हे फक्त वेगावरून कळतं, आणि शेवटी लांब उतार बक्षीस. बैठकीचा विचार करता आमचा कौल पिट्सबर्गला, कारण पॅडल थांबवायची सवलत नेमकी चौथ्या दिवशी मिळते, जेव्हा ती सर्वांत जास्त हवी असते. मैलांचे खांब मात्र कंबरलँडपासून मोजलेले आहेत. पिट्सबर्गहून येणाऱ्याला आकडे कमी होत जाताना दिसतात.

चार दिवसांची वाटणी अशी बसते: पिट्सबर्ग ते वेस्ट न्यूटन साधारण ५८ किलोमीटर, तिथून ओहायोपाइल ६७, पुढे रॉकवूड ४६, आणि शेवटी कंबरलँड ७०. सामानासह चुनखडीवर ताशी १५ किलोमीटरच धरा. रस्त्यावर २२ने जाणारा माणूस इथेही २२ धरतो आणि मग जेवणाची वेळ हुकवतो.

पाणी आणि खाणं अंतरावर ठरवा. कॉनेल्सव्हिल ते ओहायोपाइल २७ किलोमीटर जंगल आणि नदी, मध्ये काही मिळत नाही. कॉन्फ्लुअन्स ते रॉकवूडही जवळपास तेवढंच, आणि वेस्ट न्यूटन ते कॉनेल्सव्हिल ४० किलोमीटरमध्ये सोयी तुरळक. माणशी ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, शिवाय सामानात एक लिटर. बाजूला नदी आहे, गाळणी नेऊ, असा विचार इथे धोक्याचा. हा कोळशाचा पट्टा. बंद खाणींमधून झिरपणारं आम्लयुक्त, लोहमिश्रित पाणी ओढ्यांमध्ये उतरतं, काही ठिकाणी कडेचा खडक त्याने नारिंगी झालेला दिसतो. गाळणी जंतू अडवते, विरघळलेले धातू अडवत नाही. पाणी गावातच भरा.

लहान गावांतली खानावळ आठवड्यातला एखादा वार बंद असते आणि संध्याकाळी लवकर आवरते. शाकाहारी असाल तर पर्याय पिझ्झा, सँडविच आणि तळलेल्या बटाट्यावर येऊन थांबतात. दोन दिवस टिकणाऱ्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि कोरडी चटणी इथे खरंच कामाला येतात. दर ४५ मिनिटांनी दोन घास, भूक लागण्याची वाट न बघता. पाण्याच्या एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर.

मुक्कामाला तंबू असेल तर ठरलेल्या जागीच टाका, वाटेच्या कडेला कुठेही परवानगी नाही. ओहायोपाइलचा सरकारी कॅम्प टेकडीवर आहे आणि तिकडे जाणारा रस्ता रेल्वेने आखलेला नाही, हे दमलेल्या पायांना लगेच कळतं. अन्न आणि टूथपेस्ट तंबूत ठेवू नका, काळी अस्वलं या भागात आहेत. आणि कानात घालायचे बोळे घ्या. हसू नका. जुनी रेल्वे बंद पडली तरी नदीपलीकडची चालू आहे आणि मालगाड्या रात्रभर शिट्ट्या मारत जातात.

अस्वलापेक्षा लक्ष गोचिडाकडे द्या. हरणांवरच्या बारीक गोचिडांमुळे लाइम हा आजार होतो. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांच्या मुळाशी तपासा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. जाळणं, तेल ओतणं हे घरगुती प्रकार नकोत. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना गोचिडाचं नक्की सांगा. लघवीला झाडीत शिरताना तीन-तीन पानांच्या झुपक्यांपासून दूर राहा. ती पॉयझन आयव्ही, तिच्या रसाने अंगावर फोड येतात. लागलीच तर लगेच साबणाने धुवा.

दिवा दोन्ही बाजूंना हवा, पुढे पांढरा, मागे लाल, भर दुपारीही. बिग सॅव्हेजमध्ये दिवे आहेत, पण बॉर्डनसारख्या लहान बोगद्यात आतल्या दिव्यांवर विसंबू नका. शिरण्याआधी गॉगल काढा, डोळे सरावेपर्यंत हळू चला. आत थंडी आणि वरून ठिबकणारं पाणी असतं, तेव्हा विंडचीटर हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. तो पुढे लगेच लागतोच. ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड २,३९२ फुटांवर आहे. तिथून कंबरलँडपर्यंत पॅडल फारसं मारावं लागत नाही, त्यामुळे अंग तापत नाही आणि घामाने ओला सदरा गारठतो. ऑक्टोबरच्या सकाळी पूर्ण बोटांचे हातमोजे नसतील तर ब्रेक दाबणंच जड जातं. फ्रॉस्टबर्गच्या खाली वाटेशेजारून पर्यटकांची रेल्वे चालते आणि ब्रश बोगद्यात सायकल व गाडी दोघांची वाट एकच. गाडी येताना ऐकू आली तर बाहेर थांबा, आत धुराने घुसमटायला होतं. रूळ ओलांडताना चाक काटकोनात न्या. रस्ता आडवा येतो तिथे मोटारी अडवायला मध्ये खांब रोवलेले असतात. गप्पा मारत जोडीने येणारे नेमके तिथेच धडकतात, म्हणून खांब दिसला की एकामागे एक व्हा.

दऱ्यांमध्ये फोनची रेंज जाते. नकाशा आधी उतरवून घ्या. मदतीसाठी ९११ लावला तर जवळच्या खांबावरचा मैल आणि शेवटचं ओलांडलेलं गाव सांगा. भारतातून आलेल्या आई-बाबांना बरोबर नेत असाल तर प्रवासी विम्याचं कार्ड आणि औषधांची यादी त्यांच्याच खिशात असू द्या. त्यांना सगळी वाट झेपणार नसेल तर ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स हा १७–१८ किलोमीटरचा नदीकाठ पुरेसा सुंदर आहे, आणि सायकली तिथे भाड्याने मिळतात.

परतीचं आधी ठरवा. गाडीने दोन तासांचं अंतर, शटल सेवा आहेत. ॲमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेची गाडी कंबरलँडला थांबते, पण सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्या. ती मालगाड्यांच्या रुळांवरून धावते, उशीर होतो, पिट्सबर्गला पोचेपर्यंत मध्यरात्र होऊ शकते. त्या रात्रीची खोली धरून ठेवा.

कंबरलँडहून वॉशिंग्टनकडे जाणारा सी अँड ओ कालव्याचा १८४.५ मैलांचा काठ जोडायचा विचार असेल, तर तो रेल्वेने बांधलेला नाही, खेचरं चालवायला केलेला मातीचा आहे. पावसानंतर तिथला चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये घट्ट बसतो. टायरवर बोट जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर मडगार्ड कंबरलँडलाच काढून पिशवीला बांधा.