आत डिस्कच नसलेला सर्व्हर: नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या बऱ्याच कारखान्यांत आयटीला दोन-तीनच माणसं असतात. प्रिंटर, सीसीटीव्ही, ईआरपी सगळं त्यांच्याच गळ्यात. तिथे कधीतरी आयस्कझीवरून, म्हणजे नेटवर्कपलीकडच्या डिस्कवरून, बूट होणारा लिनक्स सर्व्हर तुमच्यापुढे येईल. डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा), पीएक्सई (नेटवर्कवरून बूट), टार्गेट (डिस्क पुरवणारं स्टोरेज), लन (त्यातली एक डिस्क), ३२६० पोर्ट (आयस्कझीचा) हे तुम्हाला येतं असं धरतो.

कुणी नीट सांगत नाही ते हे: असा सर्व्हर एका बूटमध्ये स्टोरेजला दोनदा जोडला जातो. आधी फर्मवेअर लॉगिन करतं. त्या जोरावर ग्रब (बूटचा मेनू दाखवणारा लोडर) येतो, कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम) मेमरीत उतरतात. कर्नलने ताबा घेतला की फर्मवेअरची ती जोडणी संपली. आता कर्नलने स्वतः नेटवर्क कार्ड उठवायचं, आयपी लावायचा, टार्गेटला पुन्हा लॉगिन करायचं. त्यासाठीचा ड्रायव्हर आणि आयस्कझीची साधनं रूट डिस्कवर असून काय उपयोग? ती डिस्कच अजून जोडायची आहे. किल्ली आत राहून दार लागावं, तसं. सगळं इनिटरॅमएफएसमध्येच हवं.

मी याच जागी रात्री काढल्या आहेत, म्हणून पुन्हा सांगतो. ग्रबचा मेनू दिसला, कर्नलच्या ओळी सरसर गेल्या आणि मग रूट सापडेना, तर स्टोरेजवाल्याला उठवू नका. कर्नल त्याच लनवरून आला, म्हणजे केबल, आयक्यूएन (आयस्कझीतलं ओळखनाव), परवानगी सगळं ठीक आहे. घोळ बहुतेक दुसऱ्या लॉगिनचा आहे.

फर्मवेअर आपल्या जोडणीची माहिती आयबीएफटी नावाच्या तक्त्यात मेमरीत ठेवून जातं. तो वाचायला ड्राकटला, म्हणजे इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या साधनाला, कर्नलच्या कमांड लाइनमधून सांगा. रेड हॅट घराण्यात ड्राकट सहसा चालू मशीनपुरतेच ड्रायव्हर भरतो. त्यामुळे वेगळ्या चिपचं कार्ड बसवणार असाल, तर नव्या कार्डाचा ड्रायव्हर घालून इनिटरॅमएफएस आधी बनवा, मशीन नंतर बंद करा. एलएसइनिटआरडी या कमांडने आत काय आहे ते डोळ्यांनी बघा. आणि रूट ज्या कार्डावरून येतं, ते चालू मशीनवर कधीही बंद-चालू करू नका. कधीही नाही.

स्विचवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) लावा; जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले लूप टाळणारी पद्धत) पोर्ट ३० सेकंद मुका राहतो आणि तोवर पीएक्सई कंटाळतं.

जमेल हे. त्यासाठी पुण्याचा महागडा क्लास नको. लॅपटॉपवर दोन व्हीएम करा: एकीवर टार्गेटसीएलआय (टार्गेट बनवायचं साधन), दुसरीला डिस्कच नाही, ती आयपीएक्सईने (आयस्कझी जाणणारं पीएक्सई) उठवा. तयार स्क्रिप्ट मात्र उचलू नका. ती चालली तर काहीच कळत नाही. आणि सीनियर निवडता आला, तर ‘परत रीस्टार्ट कर’ म्हणणारा नको. कन्सोलवरची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावणारा बघा, तिथे पगार थोडा कमी असला तरी.