'गेट'चा अर्थ पुढच्या शब्दात शोधा

इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचे अर्थ पाठ करत बसू नका. पुढे काय येतंय ते बघा. वस्तू असेल तर मिळणं किंवा आणणं, ठिकाण असेल तर पोहोचणं, विशेषण असेल तर होणं. 'गेट टू डेक्कन' म्हणजे पुण्यातल्या डेक्कन भागात पोहोचणं, 'गेट वेट' म्हणजे भिजणं. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, बसमध्ये चढताना 'गेट ऑन', उतरताना 'गेट ऑफ'. रिक्षा-कारला मात्र 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. इथे हमखास गल्लत होते. अर्जात 'गेट'ऐवजी 'रिसीव्ह' (मिळणं), 'अराइव्ह' (पोहोचणं), 'बिकम' (होणं) यांतला नेमका शब्द जास्त शोभतो. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अप्पा बळवंत चौकात डिक्शनरी घ्याल तेव्हा उदाहरणवाक्यं असलेलीच मागा. नुसत्या समानार्थी यादीत 'गेट'समोर 'ऑब्टेन' (मिळवणं) आणि 'फेच' (जाऊन आणणं) शेजारी दिसतात, पण दुकानातून दूध आणायला 'ऑब्टेन' अगदीच विचित्र वाटतं.