खर्च वजा जाता

पहिला भयपट करायला निघालेली मुलं मला विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ? मी म्हणतो, कुठलाही घ्या. आधी 'कार्निव्हल ऑफ सोल्स' बघा.

1962 चा अमेरिकी सिनेमा. हर्क हार्वी कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सला शैक्षणिक आणि कारखान्यांचे माहितीपट करायचा. युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठचा सॉल्टएअर या बंद पडलेल्या करमणूक केंद्राचा ओसाड मंडप दिसला आणि त्याला सिनेमा सुचला. सुमारे 33 हजार डॉलर, तीनेक आठवडे शूटिंग. पांढऱ्याफटक चेहऱ्याचं भूत तो स्वतःच झाला. कुणाला यातला अभिनय लाकडी वाटतो. मला तो अवघडलेपणाच स्वप्नातल्यासारखा वाटतो, आणि त्यातला ऑर्गनचा सूर तर डोक्यातून जात नाही. तेव्हा पहिल्या सिनेमाला शिव्या पडल्या तर घाबरू नका.

घाबरायचं ते कागदाला. हार्वीच्या वितरकाचं दिवाळं वाजलं. प्रिंटवर कॉपीराइटची ओळ नव्हती, तेवढ्यावरून तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने सिनेमा कुणाचाच राहिला नाही. टीव्हीवर रात्री-अपरात्री लागून त्याला चाहते मिळाले, 1989 मध्ये तो पुन्हा थिएटरात आला. पण हार्वीने दुसरा कथापट केलाच नाही.

आपल्याकडे ओळ छापायची राहिली म्हणून हक्क जात नाही. सही केली की जातो. माझ्या सिनेमाच्या वितरकाशी केलेल्या करारात होतं, 'खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे 50 टक्के'. मला फक्त 50 दिसलं. खर्चाला मर्यादाच नव्हती! समजा 8 लाख आले. पोस्टर, ट्रेलर, वितरकाचा प्रवास, हॉटेल मिळून 9 लाख दाखवले. उरलं काय? शून्य. त्याचे निम्मे माझे. त्यात मी मास्टर, म्हणजे सिनेमाची अंतिम मूळ प्रत, आधीच देऊन बसलो होतो.

म्हणून खर्चाची कमाल रक्कम आकड्यात लिहून घ्या. बिलं बघायचा हक्क लिहून घ्या. कराराची मुदत लिहून घ्या. आगाऊ रक्कम खात्यात पडल्याशिवाय मास्टर देऊ नका. वकिलाची फी जड वाटते, मान्य. लेन्सचं एका दिवसाचं भाडं वाचवा. आणि 'पहिल्या सिनेमात पैसे बघायचे नसतात' म्हणणाऱ्या ज्येष्ठांना नमस्कार करून निघा. मी बसून राहिलो, चहासुद्धा माझ्याच पैशांचा.

सिनेमा मात्र करा. वाईट झाला तरी करा.

माझे हक्क परत यायला अजून चार वर्षं आहेत. तोवर माझा सिनेमा कुठे लागला की मलाही लोकांकडूनच कळतं.