अनोळखी डायनासोर हाती आला? या चुका टाळा

जुन्या खेळण्यांच्या ढिगात एखादा मळकट हिरवा डायनासोर सापडतो आणि लगेच मनात येतं, हा कुठला डायनासोर? याच प्रश्नाने शोध भरकटतो. संग्राहकाला ओळखायचं असतं ते खेळणं, प्राणी नव्हे. ते कोणी बनवलं, कोणत्या साच्यातून निघालं आणि साधारण कुठल्या काळात, हे कळायला हवं. ‘स्टेगोसॉरस आहे’ एवढं ठरलं, तरी बाजारात आजवर आलेल्या असंख्य स्टेगोसॉरसांपैकी हा कोणता, ते कळलेलं नसतंच.

शरीररचनेवरून निकाल देणं ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. हाताला तीन बोटं दिसली की अ‍ॅलोसॉरस, दोन दिसली की टायरॅनोसॉरस, असा हिशोब पुस्तकात चालतो. खेळण्यांच्या शिल्पकारांनी तो फारसा पाळलेला नाही. तीन बोटांचे टायरॅनोसॉरस कित्येक कंपन्यांनी काढले. शिवाय पिशवीत भरून विकल्या जाणाऱ्या स्वस्त संचांमधून निघणारं सगळंच डायनासोर असतं असंही नाही. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन जवळपास प्रत्येक संचात असतो, पण तो पहिल्या डायनासोरच्या कोट्यवधी वर्षं आधीच नामशेष झाला होता. काही आकृत्या तर कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत. हाँगकाँगच्या स्वस्त पिशव्यांमध्ये जपानी राक्षसपटांच्या धर्तीवर घडवलेले विचित्र प्राणीही ‘प्रागैतिहासिक’ म्हणून विकले जात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला गंज खाणारा राक्षस अशाच एका प्लास्टिकच्या तुकड्यावरून सुचला. अशा तुकड्याला बळेच एखाद्या खऱ्या प्राण्याचं नाव चिकटवलं, की पुढचा सगळा शोध त्या खोट्या नावामागे धावतो.

जीवाश्मशास्त्राचा उपयोग होतो, पण तो काळाची खालची मर्यादा ठरवायला. कार्नोटॉरसचं शास्त्रीय वर्णन १९८५ मध्ये आलं, बॅरिओनिक्सचं १९८६ मध्ये. म्हणजे हे प्राणी नीट ओळखू येत असतील, तर खेळणं त्याआधीचं असूच शकत नाही. स्पायनोसॉरसची शेपटी वल्ह्यासारखी रुंद असेल तर तुकडा २०२० नंतरचा धरा, कारण तशा शेपटीचा पुरावा त्या वर्षी प्रसिद्ध झाला. उलटा तर्क मात्र करू नका. जमिनीवर शेपटी टेकवून ताठ उभा असलेला टायरॅनोसॉरस बघून ‘हा नक्की जुना’ असं म्हणण्याचा मोह होतो. ती उभं राहण्याची पद्धत जुन्या चित्रांमधली, हे खरंच. पण जुन्या साच्यांतून आणि त्यांच्या नकलांतून खेळणी नंतरही निघतच राहिली. ताठ पाठ शिल्पाच्या कल्पनेचं वय सांगते, हातातल्या प्लास्टिकचं नाही.

सालाच्या बाबतीतही हीच गफलत होते. पोटाखाली कोरलेलं साल हे बहुतेक वेळा शिल्पाच्या हक्काचं साल असतं, कारखान्यातून बाहेर पडल्याचं नव्हे. इंग्लंडच्या इन्व्हिक्टा कंपनीने १९७४ पासून लंडनच्या निसर्ग संग्रहालयासाठी डायनासोर काढले. त्यांच्या पोटावर संग्रहालयाचं तेव्हाचं नाव, ‘ब्रिटिश म्युझियम (नॅचरल हिस्टरी)’, आणि साल वाचता येतं. तोच साचा पुढे कित्येक वर्षं चालला, त्यामुळे १९७४ लिहिलेला तुकडा १९७४ मध्येच बनला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. देशाचं नाव आणि प्रमाणचिन्हं जास्त कामाची असतात. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो साचा किंवा शिक्का ऑक्टोबर १९९० च्या आधी कोरलेला, आणि सीई (CE) हे युरोपातलं सुरक्षा-निकषांचं चिन्ह असेल तर खेळणं १९९० किंवा त्यानंतरचं समजायला हरकत नाही.

‘शिक्काच नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकतो, आणि दर वेळी विचारतो, पाहिलंत कसं? वरून प्रकाश टाकला तर उठावाची अक्षरं पुसट होऊन दिसेनाशी होतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि खेळणं हळूहळू फिरवा, सावल्यांमधून अक्षरं उठून येतात. तरीही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरवा. पोट, तळपाय, मांडीची आतली बाजू, शेपटीचा खालचा भाग, सगळं तपासा. अमेरिकेच्या मार्क्स कंपनीच्या १९५५ पासूनच्या आकृत्यांवर तर प्राण्याचं नाव आणि त्याची लांबीसुद्धा कोरलेली असते, आणि तीही मळात बुजलेली मी पाहिली आहे.

मळ काढताना मात्र जपा, कारण इथे झालेली चूक परत भरून येत नाही. एका पिवळसर डायनासोरवरचे तपकिरी डाग कुण्या मुलाने फासलेले असतील असं समजून मी ते थिनरने काढले. नंतर त्याच साच्याचा दुसरा तुकडा पाहिला, त्यावरही तेच डाग, त्याच जागी. तो कारखान्यातला रंग होता आणि तो मी कायमचा घालवला, याचं मला आजही वाईट वाटतं. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रव यांना हात लावू नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे होतो. पोकळ तुकडा पाण्यात बुडवू नका, आत शिरलेलं पाणी निघता निघत नाही.

प्लास्टिक ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नका. भरीव आणि वरून रंग न लावलेला तुकडा असेल तर वाटीभर पाणी पुरतं. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने तरंगतं, पीव्हीसी बुडतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या स्वस्त संचांमधला मेणचट, नखाने ओरखडा उठणारा तुकडा बहुधा पॉलिथिलीनचा निघतो. पोकळ आकृतीत हवा असते, म्हणून ती तरंगली तरी काहीच सिद्ध होत नाही. पीव्हीसी कालांतराने चिकट होतं, तो चिकटपणा मळ समजून घासत बसू नका.

नकलांची गोष्ट थोडी खोलात जाऊन सांगायला हवी, कारण पैसे इथेच बुडतात. मूळ खेळण्यावरून नवा साचा घेतला की त्यातून निघणारं प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून नक्कल मूळ तुकड्यापेक्षा किंचित लहान येते. खवले बोथट होतात, दात एकमेकांत मिसळतात, आणि जिथे कंपनीचं नाव होतं तिथे गुळगुळीत चौकोनी चट्टा राहतो. तो चट्टा हा नकलेचा सगळ्यात बोलका पुरावा मानतो मी. पण त्यासाठी मोजमाप नीट हवं. शेपटीच्या वळणावरून दोरी फिरवून घेतलेली लांबी आणि नाक ते शेपटीचं टोक हे सरळ अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या संग्राहकाच्या आकड्याशी ताडताना त्याने कोणतं माप घेतलं ते आधी विचारा. व्हर्नियर कॅलिपर (बारीक माप घेण्याचं साधन) असेल तर पायाची किंवा डोक्याची रुंदी मोजा, तिथे गोंधळ होत नाही.

संचाचं प्रमाणही बघा. सफारी कंपनीच्या १९८८ ते २०१५ या काळातल्या कार्नेगी मालिकेत १:४० हे प्रमाण होतं, म्हणजे खेळणं खऱ्या प्राण्याच्या चाळीसाव्या हिश्श्याएवढं, इन्व्हिक्टाचं १:४५. अशा मालिकेत लहान प्राणी लहानच राहतो. पिशवीतल्या संचात मात्र ब्राकिओसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स जवळपास सारख्याच उंचीचे असतात.

रंगाला पुरावा मानू नका. एकाच साच्यातून अनेक रंग निघाले आहेत आणि उन्हाने ते बदलतात.

फोटो टाकून मदत मागायची असेल तर समोरून काढलेला एकच फोटो पाठवू नका. दोन्ही बाजू, पोट, तळपाय आणि डोकं, सगळं पट्टी शेजारी ठेवून काढा.

इतकं करूनही निर्माता सापडला नाही, तर वहीत अंदाजाने कंपनीचं नाव लिहू नका. ‘निर्माता अज्ञात, पॉलिथिलीन, भरीव, सरळ लांबी ११.४ सेंमी, पोटाखाली चौकोनी चट्टा’ अशी नोंद करून तुकड्यासोबत चिठ्ठी ठेवा. पुढे त्याच साच्याचा, पण शिक्का शाबूत असलेला तुकडा भेटला, की पडताळायला हीच चिठ्ठी हाताशी असेल.