टीव्ही रेकॉर्डर घ्यावा की होम थिएटर पीसी? या चुका टाळा

टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला तयार रेकॉर्डर घ्यायचा की टीव्हीला जोडून ठेवायचा कॉम्प्युटर, म्हणजे होम थिएटर पीसी, हे ठरवताना बहुतेक जण हार्ड डिस्क किती टीबीची आणि प्रोसेसर कोणता इथूनच सुरुवात करतात. त्याआधी बघायला हवं ते हे, की आपल्याकडे चॅनल येतात कुठून आणि ते एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, आहेत का. निम्मा निर्णय तिथेच होतो.

अँटेनावर फ्री-टू-एअर, म्हणजे फुकट आणि कुलूप नसलेले, चॅनल मिळत असतील तर कॉम्प्युटरला ट्यूनर (सिग्नलमधून चॅनल पकडणारं उपकरण) जोडला की काम भागतं. पैसे भरून बघायचे केबलचे किंवा डिशचे चॅनल मात्र सहसा त्या कंपनीच्या बॉक्समध्येच उघडतात. मग अनेकांना वाटतं, बॉक्सच्या एचडीएमआयमधून येणारं चित्र कॅप्चर कार्डाने कॉम्प्युटरमध्ये घेऊन रेकॉर्ड करू. हा बेत बहुधा फसतो, कारण एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरचं कॉपीविरोधी संरक्षण, चालू असलं की कॅप्चर कार्डाला नुसता काळा पडदा मिळतो. घरात बघितलं जाणारं बहुतेक सगळं पेड चॅनलवरचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे: कंपनीचाच रेकॉर्डर घ्या आणि पीसीचा नाद सोडा.

ट्यूनर घेताना प्रसारणाचं मानक बघा. अँटेनावरच्या डिजिटल प्रसारणाचं एक मानक डीव्हीबी-टी; त्याच्या जुन्या ट्यूनरवर नवं डीव्हीबी-टी२ लागत नाही, आणि एटीएससी किंवा आयएसडीबी-टी ही वेगळी मानकं वापरणाऱ्या देशांत या दोन्हींचा उपयोग नाही.

रेकॉर्डिंगसाठी तगडा प्रोसेसर घेणं

डिजिटल प्रसारण आधीच कॉम्प्रेस होऊन येतं. रेकॉर्ड करणं म्हणजे आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहिणं. ८ मेगाबिट प्रतिसेकंदाचा चॅनल असेल तर सेकंदाला १ एमबी आणि तासाला साधारण ३.६ जीबी. एवढं काम जुना, कमी वीज खाणारा कॉम्प्युटरही आरामात करतो. ताकद लागते ती बघताना: १०८०आय चित्र डीइंटरलेस करायला, म्हणजे एकाआड एक ओळींनी येणारं चित्र जोडून अखंड करायला, आणि एचईव्हीसी हा व्हिडिओ कॉम्प्रेशनचा प्रकार डीकोड करायला. म्हणून प्रोसेसरमध्ये १० बिट एचईव्हीसीचं हार्डवेअर डीकोडिंग आहे का, तेवढं तपासा. वीजही धरा. ४० वॉट खाणारा पीसी वर्षभर अखंड चालू ठेवला तर ३५० युनिट जातात.

ट्यूनर मोजताना चुकणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि ती कळते तोवर आवडता कार्यक्रम हुकलेला असतो. कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत, म्हणून आपण आधी दोन मिनिटं आणि नंतर पाच-दहा मिनिटं जादा ठेवतो. आता नऊ वाजता एका चॅनलवरचा कार्यक्रम संपतो आणि नऊलाच दुसऱ्या चॅनलवरचा सुरू होतो, असं समजा. कागदावर एक ट्यूनर पुरतो, पण जादा मिनिटं एकमेकांवर चढतात आणि दोन ट्यूनर लागतात. त्याच वेळी कुणाला तिसरं काही लाइव्ह बघायचं असेल तर तीन. दोन चॅनल एकाच मल्टिप्लेक्सवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरून एकत्र येणाऱ्या चॅनलांच्या गटात, असतील तर टीव्हीहेडएंडसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एकाच ट्यूनरवर दोन्ही रेकॉर्ड करतं. सगळ्या तयार रेकॉर्डरना हे जमत नाही.

डिशवर भानगड आणखी वाढते. ट्यूनर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीकडे (डिशच्या टोकावरचा सिग्नल घेणारा भाग) हवं ते ध्रुवीकरण, म्हणजे लहरींची उभी किंवा आडवी दिशा, मागतो आणि २२ किलोहर्ट्झच्या टोनने बँड निवडतो. साध्या स्प्लिटरने एकच केबल दोन ट्यूनरना वाटली तर एकाने १८ व्होल्ट दिल्यावर दुसऱ्याचे १३ व्होल्टवाले चॅनल गायब होतात. लोक ट्यूनर बदलून बघतात, दोष मात्र केबलच्या मांडणीत असतो. दोन आउटपुटचा एलएनबी लावून दोन केबल ओढा, नाहीतर एकाच केबलवर अनेक ट्यूनर चालवणारी युनिकेबल पद्धत वापरा.

रेकॉर्डरमधलं कायम आपलंच राहील असं मानणं

बऱ्याच कंपन्यांच्या बॉक्समधली रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला बांधलेली असतात. बॉक्स बिघडला किंवा कंपनी बदलली की ती गेली. अशी डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तर विंडोज फॉरमॅट करू का विचारतं. तिथे ‘हो’ अजिबात म्हणू नका. घरातल्या कुणाची मुलाखत किंवा मुलीचा सामना टीव्हीवर लागला असेल आणि तो पुढे वीस वर्षं जपायचा असेल, तर त्या एका कारणासाठीही मी पीसी निवडेन. तिथे साधी टीएस (प्रसारणाचा प्रवाह जसाच्या तसा साठवलेली) फाइल मिळते, हव्या तितक्या प्रती काढा.

पीसीलाही धोका आहेच. विंडोज मीडिया सेंटर या मायक्रोसॉफ्टच्या टीव्ही-रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर अनेकांनी सगळी व्यवस्था उभी केली होती. २०१५ मध्ये विंडोज १० मधून ते वगळलं गेलं आणि २०२० मध्ये त्याचं कार्यक्रम-वेळापत्रक पुरवणंही थांबलं. म्हणून वेळापत्रक थेट प्रसारणातून घेऊ शकणारं सॉफ्टवेअर निवडा.

बिघाड झालाच तर

रेकॉर्डिंग झालंच नाही किंवा फाइल रिकामी आली, तर पीसी झोपेतून उठला का ते बघा. पॉवर सेटिंगमध्ये वेक टायमर (ठरल्या वेळी पीसी उठवणारे) चालू हवेत, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (यूएसबी उपकरणं झोपवणारी सोय) बंद हवं, आणि अपडेटनंतरचं आपोआप रीस्टार्ट रेकॉर्डिंगच्या वेळेबाहेर हवं.

यूएसबी डिस्कवरचं रेकॉर्डिंग दर वेळी तासा-सव्वातासाने तुटत असेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि ८ मेगाबिटला ती मर्यादा ७१ मिनिटांत गाठली जाते.

चित्रात चौकोन फुटत असतील तर सिग्नलची स्ट्रेंग्थ सोडा, क्वालिटीचा आकडा बघा. दुहेरी स्प्लिटर सुमारे ३.५ डेसिबल खातो, म्हणून एकदा तो काढून थेट केबल लावा. बूस्टर लावल्यावर चित्र आणखी बिघडलं असेल तर सिग्नल जास्त झालाय.

खालून सरकणारी बातम्यांची पट्टी अडखळते? प्रसारण ५० हर्ट्झचं आणि पीसीचं आउटपुट ६० हर्ट्झवर असेल. कोडी या मीडिया प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेचा रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याची सोय आहे, ती चालू करा.

एका वेळी तीन-चार रेकॉर्डिंग चालू असतानाच तुकडे पडत असतील तर डिस्क एसएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) आहे का तपासा. बराच वेळ लिहीत राहिलं की ती मंदावू शकते. पट्टे वेगवेगळे ठेवणारी सीएमआर डिस्क घ्या.

आणि नवीन यंत्र, कुठलंही असो, परत करण्याची मुदत संपायच्या आत पहाटे तीनचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग लावा. एकाला एक लागून असलेले दोन कार्यक्रम, दोन वेगळ्या चॅनलवर, यंत्र स्लीपमध्ये ठेवून. सकाळी फक्त फाइल आहे का एवढं बघू नका, शेवटच्या मिनिटापर्यंत चालवून बघा.